रुडॉल्फ डिझेल

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या वाटेवर मारेगाव हे तालुक्याचे गाव आहे. भोवताली कापसाची काळी जमीन पसरलेली आहे. या भागातील शेतकरी एके काळी विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने काढीत असे. पुढे मोटेच्या जागी तेलावर चालणारे इंजिन आले आणि त्यानंतर विजेचा पंप आला. तरीही जेथे वीज पोहोचत नाही किंवा ऐन वेळी दगा देते, तेथे ते जुने इंजिन शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. हँडल फिरवून वेग द्यावा, तरफ खाली सोडावी, की इंजिन एकदा खोकते, दोनदा खोकते आणि मग त्याचा ठेका शिवारभर ऐकू येतो.

असे इंजिन कधी कधी रुसते. हँडल कितीही फिरवले तरी ते पेट घेत नाही, किंवा पेट घेतलाच तर काळा धूर ओकू लागते. मग मिस्त्रीला बोलावणे जाते. मिस्त्री इंजिनाच्या माथ्यावरील नोझल काढतो, ते एका लहानशा हातपंपाला जोडतो आणि पंप दाबून पाहतो. नोझलातून तेल धुक्यासारखे बारीक उडाले तर ठीक; थेंबाथेंबाने गळले, तर तेलाचा दाब कमी पडत आहे हे तो ओळखतो. मग नोझलातील स्प्रिंग किंचित आवळून तो दाब पुन्हा ठिकाणावर आणतो. शेतावरच्या साध्या इंजिनातही हा दाब सुमारे २०० वातावरणांइतका असतो. म्हणजे भोवतालच्या हवेचा जो दाब असतो, त्याच्या दोनशेपट!

तेलावर इतका दाब कशासाठी द्यायचा? तो थोडा कमी-अधिक झाला तर काय बिघडते? या प्रश्नांनी ज्याच्या आयुष्याची अनेक वर्षे व्यापली, त्याचे नाव त्या इंजिनालाही मिळाले आणि त्यात जळणाऱ्या तेलालाही मिळाले. डिझेल हा शब्द आज खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ते एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणीचे काम शिकलेले कारागीर होते. पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवून ते आपला प्रपंच चालवीत. घरची स्थिती बेताचीच होती. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे.

पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. सवड मिळाली की रुडॉल्फ तेथे जाऊन बसे. अठराव्या शतकात क्यून्यो नावाच्या फ्रेंच माणसाने बनवलेला, वाफेवर चालणारा तीन चाकांचा अवजड गाडा तेथे ठेवलेला होता. रुडॉल्फ त्यापुढे उभा राहून त्याचा प्रत्येक भाग न्याहाळी आणि वहीत त्याची चित्रे काढी. शाळेतही तो हुशार होता. बाराव्या वर्षी त्याला उत्तम विद्यार्थी म्हणून कांस्यपदक मिळाले.

परंतु त्याच वर्षी, म्हणजे १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन लोकांना देश सोडून जावे लागले. डिझेल कुटुंबाने घरदार आणि धंदा मागे टाकून लंडनची वाट धरली. तेथे पोट भरण्याचीच भ्रांत होती. मग मुलाच्या शिक्षणाचे काय? अखेर रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग या गावी नातलगांकडे पाठवायचे ठरले. युद्धामुळे आगगाड्या वेळेवर धावत नव्हत्या. बारा वर्षांचा तो मुलगा अनेक दिवसांचा खडतर प्रवास करून ऑग्सबर्गला पोहोचला.

ज्यांच्या घरी तो राहिला, ते बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या देखरेखीखाली रुडॉल्फच्या अभ्यासाला शिस्त लागली. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले की, आपण अभियंता होणार. मुलाने लवकर कमावते व्हावे आणि घराला हातभार लावावा, अशी आईवडिलांची इच्छा होती. परंतु रुडॉल्फ पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत गेला आणि १८७५ मध्ये त्याला म्युनिक येथील तंत्रशिक्षणाच्या विद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. आता त्याला कोणी अडवू शकले नाही.

म्युनिकमध्ये प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे हे उष्णतेचे शास्त्र शिकवीत. कृत्रिम रीतीने थंडी निर्माण करणारी यंत्रे बनवून त्यांनी मोठे नाव मिळवले होते. एके दिवशी वर्गात त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा ते दहा भागच इंजिन कामाला लावते. उरलेले नव्वदांहून अधिक भाग धुराबरोबर, वाफेबरोबर आणि तापलेल्या लोखंडाबरोबर वाया जातात. हे ऐकून वर्गातील इतर विद्यार्थ्यांनी आकडे वहीत उतरून घेतले. रुडॉल्फच्या मनात मात्र ते आकडे काट्यासारखे रुतून बसले. खाणीत राबून मजूर कोळसा वर काढतात आणि त्यातील एवढा मोठा वाटा आकाशात उडून जातो, ही गोष्ट त्याला चैन पडू देईना. इंधनातील उष्णता शक्य तितकी कामी लावील असे इंजिन बनवायचे, हा ध्यास त्याने तेव्हाच घेतला.

आजारपणामुळे त्याची अंतिम परीक्षा लांबणीवर पडली. १८८० च्या आरंभी ती देऊन तो अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला. लिंडे यांनी त्याला आपल्याच बर्फयंत्रांच्या कामावर पॅरिसला पाठवले. दहा वर्षे त्याने तेथे काम केले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढे त्यांना तीन मुले झाली. दिवसा तो नोकरी करी आणि उरलेल्या वेळात आपल्या इंजिनाचा विचार करी. प्रथम त्याने पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याची खटपट केली. त्यात वर्षांमागून वर्षे गेली, परंतु यश आले नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला राहावयास गेला, तेव्हा अपयशाची ही शिदोरीच त्याच्याजवळ होती. पण या खटपटीतून त्याला उष्णता आणि दाब यांचे नाते चांगलेच उमगले होते.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी खालच्या बाजूस गरम होते, हे पुष्कळ मुलांनी अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. जितकी अधिक दाबावी, तितकी अधिक तापते. डिझेलने विचार केला, की बंद नळकांड्यात म्हणजे सिलिंडरात निव्वळ हवा घ्यावी आणि दट्ट्याने ती इतकी दाबावी की तिच्या उष्णतेनेच तेल पेटेल. मग ठिणगी नको, ज्योत नको, बाहेरची भट्टीही नको. आज अशा इंजिनात हवा आपल्या मूळ जागेच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्यात कोंडली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा धगधगत्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो आणि फुगलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो.

त्या काळी गॅसवर चालणारी इंजिने होती. ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये तसे उत्तम इंजिन तयार केले होते. परंतु त्यात हवा आणि इंधन यांचे मिश्रण करून ते एकत्र दाबले जाई. असे मिश्रण फार दाबले तर ते वेळेआधीच पेटते आणि इंजिनाला हादरे बसतात. म्हणून दाबाला मर्यादा पडे. डिझेलच्या युक्तीत आधी केवळ हवाच दाबायची असल्यामुळे ही अडचण नव्हती. इंधन अगदी शेवटच्या क्षणी आत यायचे होते.

युक्ती सोपी वाटते. पण तिच्यातच खरी मेख होती. सिलिंडरातील हवेवर आधीच प्रचंड दाब असतो. अशा जागी तेल शिरणार कसे? दाटीने भरलेल्या खोलीचे दार बाहेरून ढकलायचे, तर आतील गर्दीपेक्षा अधिक जोर लावावा लागतो. त्याचप्रमाणे तेलाचा दाब आतील हवेच्या दाबापेक्षा अधिक असला पाहिजे. शिवाय ते धारेने शिरून चालत नाही. त्याचा बारीक तुषार झाला पाहिजे. तेही अगदी नेमक्या क्षणी आणि नेमक्या मापाने झाले पाहिजे. कागदावर हे लिहिणे सोपे होते. लोखंडात ते उतरवणे अत्यंत कठीण होते.

२७ फेब्रुवारी १८९२ रोजी डिझेलने आपल्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते त्याला मिळाले. आपले विचार त्याने एका पुस्तकात मांडून नामांकित प्राध्यापकांना आणि कारखानदारांना पाठवले. या पुस्तकात त्याने २५० वातावरणांइतक्या दाबाची कल्पना केली होती. एवढा दाब सहन करील असे यंत्र त्या काळी कोणालाही बनवता येण्यासारखे नव्हते. अनेकांनी त्याला नकार दिला. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे संचालक हाइनरिख फॉन बुत्स यांनी मात्र प्रयोगासाठी जागा, यंत्रे आणि कारागीर देण्याचे कबूल केले. क्रुप या पोलादाच्या मोठ्या कारखान्यानेही पैशाचे साहाय्य दिले. ज्या गावी तो निराधार मुलगा म्हणून आला होता, त्याच गावी आता त्याच्या स्वप्नाची परीक्षा व्हायची होती.

१० ऑगस्ट १८९३ हा पहिल्या प्रयोगाचा दिवस. कारखान्यातील फिरत्या दांड्याला पट्टा जोडून इंजिन बाहेरून फिरवले जात होते. सिलिंडरात इंधन सोडताच कानठळ्या बसवणारा आवाज झाला. आतील दाब एकदम ८० वातावरणांपर्यंत उसळला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे चोहीकडे उडाले. डिझेल आणि त्याचे सहकारी थोडक्यात बचावले. दुसरा कोणी असता तर भयाने दूर झाला असता. पण डिझेलला त्या स्फोटातून एक गोष्ट पक्की समजली होती. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते, हे आता सिद्ध झाले होते. कल्पना खरी होती. केवळ तिला आवर घालायचा होता.

आवर घालण्याचे हे काम पुढे साडेतीन वर्षे चालले. सिलिंडर बदलला, झडपा बदलल्या, दट्ट्याच्या कड्या बदलल्या. २५० वातावरणांचा आग्रह सोडून डिझेलने तीस-पस्तीस वातावरणांवर समाधान मानले. पुस्तकात लिहिलेले स्वतःचे गणित बाजूला सारणे हे विद्वानाला सोपे नसते. परंतु यंत्र जे सांगत होते, ते त्याने ऐकले. तेल आत सोडण्याच्या बाबतीतही तसेच झाले. पंपाने नुसते तेल ढकलून पाहिले, तर त्याचा नीट फवारा होईना. म्हणून सिलिंडरातील हवेहूनही अधिक दाबलेली हवा वेगळ्या पंपातून आणायची आणि तिच्या झोताबरोबर तेल आत उडवायचे, ही रीत त्याने स्वीकारली. झोताचा दाब कमी झाला तर तेल नीट पसरत नसे; अधिक झाला तर जळणाचा मेळ बिघडे. रोज दाब किंचित वाढवायचा, किंचित कमी करायचा, आलेख काढायचा आणि निरखायचा, असा क्रम चालू राहिला.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी प्रयोग चालू असताना लिंडर नावाचा कारागीर इंजिनाजवळ उभा होता. इंजिनाला फिरवणाऱ्या पट्ट्याकडे त्याचे लक्ष गेले. आजवर पट्टा इंजिनाला ओढीत असे. आता इंजिन पट्ट्याला ओढीत होते. म्हणजे ते स्वतःच्या बळावर चालू लागले होते! मिनिटाला ८८ फेरे घेत ते जेमतेम एक मिनिट चालले. लिंडर काही बोलला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि डिझेलपुढे मूकपणे मान लववली. पुढे डिझेलला अनेक मानसन्मान लाभले. पण त्या साध्या कारागिराने केलेला हा पहिला सन्मान तो कधी विसरला नाही.

अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मॉरित्स श्रोएटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. माणसाच्या दुपटीहून थोडे कमी उंच, एकाच सिलिंडराचे, सुमारे २० अश्वशक्तीचे ते इंजिन होते. इंधनातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सुमारे २६ भाग ते कामाला लावीत असल्याचे दिसून आले. म्युनिकच्या वर्गात ऐकलेल्या आकड्यांना इतक्या वर्षांनी उत्तर मिळाले होते. या यशात बुत्स यांचा धीर, आराखडे काढणाऱ्या लाउस्टर याचे कौशल्य आणि कारागिरांचे कष्ट यांचाही मोठा वाटा होता.

त्यानंतर कीर्ती आणि संपत्ती दोन्ही डिझेलच्या दारी चालत आल्या. देशोदेशीच्या कारखानदारांनी इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेतले. अमेरिकेतील हक्कांसाठी आडॉल्फस बुश या धनिकाने दहा लाख मार्क दिले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. शेतात पिकणाऱ्या तेलावर शेतकऱ्याचे यंत्र चालू शकेल, ही शक्यता डिझेलला पुढेही महत्त्वाची वाटत राहिली. मोठ्या कारखानदारांइतकेच लहान कारागिरांनाही स्वस्त शक्ती मिळावी, अशी त्याची मनापासून इच्छा होती. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःचे उद्योग उभारावेत, असे सुचवणारे एक पुस्तकही त्याने १९०३ मध्ये लिहिले. परंतु त्याला वाचक फारच थोडे मिळाले.

यशाच्या पाठोपाठ संकटेही आली. प्रयोगशाळेत उत्तम चाललेले इंजिन कारखान्यातील रोजच्या धकाधकीत वारंवार बंद पडू लागले. पहिल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. ही कल्पना आधी आपल्याला सुचली होती, असे म्हणणारे पुढे आले आणि वाद माजले. इंग्लंडमधील अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० मध्येच तेलावरील एका निराळ्या इंजिनाचे एकस्व घेतले होते. श्रेय कोणाचे, याची चर्चा पुढेही चालू राहिली. अतिश्रमाने डिझेलची प्रकृती ढासळली. म्युनिकमध्ये त्याने भव्य घर बांधले, जमिनीच्या व्यवहारांत पैसे गुंतवले आणि त्यांत तो मोठ्या नुकसानीत आला. इंजिनातील दाब अचूक ओळखणाऱ्या या माणसाला पैशाचा व्यवहार मात्र नीट ओळखता आला नाही.

इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेले आणि जगभर पसरले. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी १९१० मध्ये निघालेल्या अमुंडसेनच्या ‘फ्राम’ या जहाजावर डिझेल इंजिन होते. १९१२ मध्ये कोपनहेगन येथे बांधलेले ‘सेलांडिया’ हे मोठे जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. कोळशाचे ढीग आणि भट्टीपुढे घामाघूम होणारे खलाशी यांच्यावाचून जहाज सागर ओलांडू शकते, हे जगाने पाहिले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवण करून रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी पाहतात तो खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह आढळला आणि त्याच्याजवळच्या वस्तू डिझेलच्याच असल्याचे त्याच्या मुलाने ओळखले. त्या वेळी डिझेलवर कर्जाचा मोठा बोजा होता. त्या रात्री नेमके काय घडले, याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका थोर संशोधकाचा असा अंत व्हावा, ही मनाला चटका लावणारी गोष्ट आहे.

डिझेलने जो प्रश्न अर्धवट सोडवून ठेवला होता, तो इतरांनी पुढे नेला. हवेच्या झोताने तेल उडवणारा पंप फार अवजड होता. त्यामुळे जहाजात किंवा कारखान्यात शोभणारे इंजिन मालमोटारीत बसवणे कठीण जाई. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये तेलालाच जबरदस्त दाब देणारा आटोपशीर पंप बाजारात आणला. डिझेलला आरंभी जे साधले नव्हते, ते आता साधले. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने डिझेलवर चालणारी मोटारगाडी लोकांपुढे ठेवली. भारतात १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि महाराष्ट्रातील विहिरींवर या इंजिनांचा ठेका घुमू लागला. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर धावणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीला वाफेचे इंजिन ओढीत असे. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ती गाडी पुढे बंद पडली, परंतु जिल्ह्याच्या आठवणीत ती अजून धावते आहे.

आल्फ्रेड ब्यूखी या स्वित्झर्लंडच्या अभियंत्याने याच मार्गावर आणखी एक पाऊल टाकले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात अजूनही पुष्कळ शक्ती वाया जाते, हे त्याने हेरले. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने सिलिंडरात जास्त हवा कोंबावी, या कल्पनेचे एकस्व त्याने १९०५ मध्ये घेतले. यालाच आज टर्बोचार्जर म्हणतात. जास्त हवा आत आली की जास्त इंधन जाळता येते आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. जर्मनीतील दोन जहाजांवर ही योजना करताच १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले.

मात्र हवा वाढवली तर इंधनाचाही मेळ बसवावा लागतो. आज काही हौशी तरुण आपल्या पेट्रोलच्या गाडीला घरच्या घरी टर्बोचार्जर बसवतात. हवा दाबून भरली जाऊ लागली, की इंधनाला त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध आत शिरावे लागते. म्हणून हवेचा दाब जितका वाढेल, तितकाच इंधनाचाही दाब वाढवून दोहोंतील अंतर कायम राखावे लागते. तसे न केल्यास हवा जास्त आणि इंधन कमी होते, सिलिंडर भलताच तापतो, मिश्रण अवेळी भडकते आणि दट्ट्याला भोक पडून इंजिन निकामी होते. याउलट इंधन भरमसाट झाले तर ते वाया जाते आणि धूर मात्र वाढतो. म्हणून जाणता कारागीर दाबमापकावर नजर ठेवून दाब थोडा थोडा बदलतो आणि प्रत्येक वेळी इंजिनाचे म्हणणे ऐकतो. ऑग्सबर्गच्या कारखान्यात डिझेलने हेच केले होते.

डिझेलच्या धुरामुळे हवा दूषित होते, हे आता सर्वांना कळून आले आहे. त्यामुळे विजेवर चालणारी वाहने पुढे येत आहेत. उद्या कदाचित या इंजिनाची गरज उरणार नाही. जी उष्णता वाया जाते ती वाचवावी, या एका विचारासाठी डिझेलने आयुष्य वेचले. म्हणून त्याच्या इंजिनातील उणीव दूर करणारा उद्याचा संशोधकही त्याचाच वारसदार ठरेल.

मारेगावच्या शिवारात मिस्त्री नोझलातील स्प्रिंग आवळतो आणि तेलाचा बारीक तुषार पाहून समाधानाने मान हलवतो. इंजिन पुन्हा ठेक्यात चालू लागते आणि पाणी पाटातून कपाशीकडे धाव घेते. रुडॉल्फ डिझेलने हे शिवार कधी पाहिले नव्हते. तरीही बारा वर्षांच्या त्या निर्वासित मुलाच्या जिद्दीचा एक अंश त्या पाण्याबरोबर वाहत असतो.